पळून जायला मुलूखच नव्हता

गुलामांच्या सुटकेचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाला आधी अमेरिका आठवते. दक्षिणेतल्या मळ्यांतून रात्री निघालेली माणसे, त्यांना कोठारात आणि तळघरात दडवणारी घरे, एका घराकडून पुढच्या घराकडे पोचवणारे वाटाडे आणि सरतेशेवटी कॅनडाची हद्द. १८४९ मध्ये स्वतः निसटलेली हॅरिएट टबमन पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये शिरली आणि सत्तरएक माणसांना बाहेर घेऊन आली, ही हकिगत आता शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही आढळते. या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केली होती. पण ज्या मुलखात गुलामीची ही गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली, तो मुलूख मुंबईहून लोकलने जाता येईल इतका जवळ आहे. पालघर, बोईसर, तारापूर, वाणगाव, डहाणू, तलासरी ही त्या मुलखाची नावे. इथेही बांधली गेलेली माणसे होती, त्यांना सोडवणारे छुपे जाळे होते, त्यापायी गेलेले जीवही होते. तरीही अमेरिकेचा नकाशा इथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही हेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे. इथल्या जाळ्याने माणसे फारशी पळवली नाहीत. त्याने निरोप पोचवले. सुटलेल्या माणसाला आपल्याच पाड्यावर, आपल्याच कुडाच्या घरात, त्याच जमीनदाराच्या नजरेसमोर मोकळे होऊन राहायचे होते. हे पळून जाण्यापेक्षा सोपे नव्हते, आणि माझ्या मते त्याचा विचार आपण अजून पुरेसा केलेला नाही.

आधी बंधन कसले होते ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीची मोजणी झाली, जंगल सरकारजमा झाले, घरी दारू गाळण्यावर निर्बंध आले आणि रोखीने सारा भरण्याची वेळ आली. वारली, कोकणा, काटकरी, धोडिया, मल्हार कोळी यांच्या हातात रोख कधी नव्हतीच. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की खावटीसाठी दाणे उचलायचे, ते दिडीदुपटीने फेडायचे, आणि फिटले नाही की जमिनीवर पाणी सोडायचे. अशा रीतीने दोनतीन पिढ्यांत जमिनीचा मालक जमिनीचा कूळ झाला. कुळाला खंड द्यावा लागे, आणि खंडाशिवाय वेठ. वेठ म्हणजे जमीनदाराचा निरोप आला की स्वतःचे काम टाकून त्याच्या शेतावर, कुरणात, घरी बिनमजुरी राबायचे. नकार दिला तर मार. या उतरंडीच्या तळाशी लग्नगडी होता. लग्नासाठी शेठकडून शेदोनशे रुपये घेतले की नवरा त्या घरचा गडी होई, आणि तो गडी झाला की त्याची बायकोही आपोआप बांधली जाई. दिवसाला पोटापुरते, कधी तेही नाही. कर्जाचा हिशेब शेठच्या वहीत, वही वाचणारा शेठच. वर्षे गेली तरी रक्कम उतरत नसे. बापाचे राहिलेले पोराच्या लग्नात मिळवले जाई. गड्याच्या बायकोवर मालकाचा हक्क चालतो हे गावात सगळ्यांना माहीत असे आणि कोणी बोलत नसे. हे चित्र केवळ चळवळीच्या लोकांनी रंगवलेले नाही. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सायमिंग्टन यांचा आदिवासी भागांवरचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेठ, मारहाण, लग्नापायी आलेली गुलामी आणि स्त्रियांची विटंबना या साऱ्यांची नोंद आहे. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही.

याला गुलामी म्हणावे का, असा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणारे सगळेच जमीनदारांचे कैवारी नसतात. अमेरिकेत माणसाचा लिलाव होई. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर विकले जाई. कायदाच माणसाला मालमत्ता मानत असे. उंबरगाव-डहाणूच्या या पट्ट्यात लिलाव नव्हता. हा फरक खरा आहे आणि तो पुसून टाकू नये. पण तो कशामुळे पडला, तेही पाहिले पाहिजे. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने एवढेच केले की गुलामावरचा मालकीहक्क न्यायालयात मानला जाणार नाही. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. त्यामुळे माणसाला बांधून ठेवू पाहणाऱ्याने मालकीचा शब्द टाकला आणि कर्जाचा धरला. वहीतली रक्कम कायदेशीर होती, मग तिच्यापोटी घेतलेले आयुष्यही कायदेशीर दिसू लागले. कसोटी लावायचीच तर ती अशी लावावी: या माणसाला काम सोडता येते का, दुसऱ्याकडे जाता येते का, बायकोला घरी ठेवता येते का, आणि तो निघाला तर त्याला मारून परत आणणाऱ्याला कोणी अडवते का? १९४५ पूर्वीच्या लग्नगड्याच्या बाबतीत चारही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे होते. लिलाव नसल्याने त्याचे बंधन सैल झाले नव्हते, फक्त ते बाहेरच्याला दिसत नव्हते.

आता पळून जाण्याचा प्रश्न. एखादा तरणा गडी निघून जाऊ शकत नव्हता का? वाट तर समोर होती. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणूवरून एकोणिसाव्या शतकातच गेलेला. लग्नगड्यांनी आणि वेठ्यांनी कापलेले गवत याच रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांत जाई, जंगलातले लाकूडही जाई. गवताला मुंबईपर्यंत वाट होती, ते कापणाऱ्याला मात्र नव्हती. कारण अमेरिकेतल्या पळणाऱ्याला निदान एक हद्द ठाऊक होती, जिच्यापलीकडे मालकाचा कायदा चालत नसे. १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यानंतर ती हद्द आणखी उत्तरेला सरकली, पण ती होती. इथे चारही दिशा तपासून पाहा. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला जव्हार संस्थान, तिथेही जमीन आणि सावकारी यांची तीच मिळवणी. उत्तरेला दमण आणि दादरा-नगरहवेलीचा पोर्तुगीज मुलूख, तिथला वारलीही कोणाचा तरी बांधील. दक्षिणेला मुंबई, जिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाला कोणी उभे करत नसे. शिवाय लग्नगडी एकटा कधीच नव्हता. त्याच्या बंधनाचे कारणच लग्न होते. तो निघाला तर बायको मागे राही, बायको निघाली तर पोरे राहत, सगळे निघाले तर भाऊ आणि म्हातारा बाप शेठच्या हाती लागत. पळणाऱ्याचे कर्ज मागे राहिलेल्याच्या डोक्यावर बसे आणि त्याची शिक्षाही. जमीनदार हाच सावकार, तोच गवत-लाकडाचा व्यापारी, गावचा पाटील आणि फौजदार त्याच्या ओसरीवर बसणारे. अशा ठिकाणी एकेकाने पळणे म्हणजे आपली सुटका शेजाऱ्याच्या पाठीवर लादणे. वारल्यांना धीर नव्हता म्हणून ते पळाले नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

म्हणून सुटकेचा मार्ग एकच उरत होता: सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच जागी उभे राहून नाही म्हणायचे. हे म्हणायला सोपे आहे. त्यासाठी डोंगरातल्या, एकमेकांपासून कोसभर दूर असलेल्या शेकडो पाड्यांना एकमेकांचे मन कळावे लागते. ते काम १९४५ मध्ये झाले. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले मोजके वारली तिथे गेले, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांनी व्यासपीठावरून आपली कहाणी सांगितली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या कामाची पार्श्वभूमी इथे सांगायला हवी, कारण हे दोघे अचानक उगवलेले नव्हते. शामराव हे आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षात काम केलेले, जानेवारी १९३८ मध्ये खोती रद्द करण्यासाठी मुंबईत निघालेल्या शेतकरी मोर्चात पुढे असलेले कार्यकर्ते. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाचे आजीव सदस्यत्व मिळवलेल्या पहिल्या स्त्री. दोघेही नंतर कम्युनिस्ट पक्षात आले. टिटवाळ्यानंतर गोदावरीबाई पाड्यांवर राहू लागल्या, लोकांच्या घरी आंबील खाऊन, पायी हिंडून. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि त्यांनी ठरवले: बिनमजुरी काम करायचे नाही, मार खायचा नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही.

झरीची सभा उघड होती, दिवसाढवळ्या झाली. मग यात गुप्त ते काय, अशी शंका रास्त आहे, आणि या विषयावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. माझे उत्तर असे आहे. सभा उघड होती, पण सभेपर्यंत माणसे आणणारे आणि सभेनंतर ठराव घरोघर नेणारे काम उघड नव्हते. आठवडा बाजारात मीठ घेताना, लग्नात नाचताना, गवताच्या कुरणात वाकून काम करताना एका पाड्याचा निरोप दुसऱ्या पाड्याला मिळे. कागद नव्हता, कारण वाचणारे नव्हते, आणि त्यामुळे जप्त करण्यासारखेही काही नव्हते. अमेरिकेत विल्यम स्टिल या फिलाडेल्फियातल्या कार्यकर्त्याने निसटून आलेल्या प्रत्येकाची हकिगत लिहून ठेवली, वह्या वर्षानुवर्षे दडवल्या आणि १८७२ मध्ये छापल्या. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात आपण कसे निसटलो हे मुद्दाम सांगितले नाही, आणि उत्साहाने वाटा जाहीर करणाऱ्यांना खडसावले, कारण मालकही वाचतात. वारली जाळ्याला ही चिंता नव्हती. ते सगळे स्मरणात होते. झरीनंतर लोक गटागटाने जमीनदारांच्या वाड्यांवर जात, बांधलेल्या गड्यांना बाहेर बोलावत आणि त्यांना सांगत की तू मोकळा आहेस, घरी चल. काही थोड्या आठवड्यांत लग्नगडीची पद्धत त्या टापूत मोडून पडली. दारात उभा राहिलेला जमाव सगळ्यांना दिसला, पण आत राबणाऱ्या गड्याला आदल्या रात्री कोणी जाऊन सांगितले की उद्या आम्ही येतो, घाबरू नको, ते कोणाला दिसले नाही. ती आदली रात्र नसती तर दारातली हाक ऐकून गडी बाहेर आला नसता.

या जाळ्याच्या ताकदीचा सर्वांत पक्का पुरावा दुर्दैवाने त्याच्या शत्रूंनी दिला. १९४५ च्या ऑक्टोबरात गवत कापणीचा हंगाम होता. किसान सभेने पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी मागितली होती आणि संप पुकारला होता. मागणीची वेळ समजून घेण्यासारखी आहे. पाऊस सरतो, गवत पिकते, आणि ते ठराविक दिवसांतच कापावे लागते. नंतर ते वाळून पडते आणि मुंबईचा गिऱ्हाईक दुसरीकडे वळतो. वर्षभर दुबळा असलेला मजूर या पंधरावीस दिवसांत बलवान असतो, कारण तोटा मालकाचा होतो. हे ओळखून मालकांनी डाव टाकला. तलवाड्याला गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी हत्यारे घेऊन जमावे, असा खोटा निरोप त्यांनी पाड्यापाड्यांवर सोडला, आणि दुसरीकडे पोलिसांना कळवले की वारली हल्ल्यासाठी गोळा होत आहेत. १० ऑक्टोबरला हजारो माणसे काठ्या, कोयते घेऊन तलवाड्याला जमली. गोदावरीबाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चार जण मारले गेले. या घटनेकडे मी अशा नजरेने पाहतो: खोटा निरोप काही तासांत एवढ्या पाड्यांवर पोचला आणि लोकांनी तो मानला, याचा अर्थ खरे निरोप त्याच वाटेने रोज जात होते आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. मालकांनी जाळे शोधून काढले नाही, त्यांनी त्याचा आवाज चोरला. या हत्याकांडानंतरही संप मोडला नाही, हा त्या जाळ्याच्या बाजूने दुसरा पुरावा. विश्वासघाताने फुटेल असे ते जाळे असते, तर त्याच रात्री फुटले असते.

यानंतर गुप्तता खऱ्या अर्थाने गरजेची झाली. सभांवर बंदी आली, परुळेकर पतिपत्नीला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. १९४६ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते, आणि लोकांना वाटले की आता दिवस पालटतील. त्या वर्षाच्या अखेरीस जंगलतोडीच्या मजुरीवरून पुन्हा संप झाला, पुन्हा हद्दपारीचे हुकूम निघाले, पोलीस तळ ठोकून बसले. लढ्याचा पट्टा आता दक्षिणेला सरकला होता. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातल्या नानिवली इथे गोळीबार झाला आणि पुन्हा आदिवासींचे बळी गेले. बोईसरहून महामार्गाकडे जाणारा आजचा वाचक नानिवलीच्या जवळून जातो, आणि त्याला या गावात काय घडले ते सांगणारे बहुधा कोणी भेटत नाही. हद्दपार झालेले आणि भूमिगत कार्यकर्ते या काळात पाड्यांच्या आसऱ्याने राहिले. दिवसा जंगलात, रात्री एखाद्या घरी. घर उघडणाऱ्याला पोलिसांचा मार बसणार हे ठरलेलेच. लपवणारी घरे, वाटाडे, पहारा हे अमेरिकेच्या कथेतले सगळे घटक इथे आले. फरक एवढाच की तिथे मोकळ्या नागरिकांनी गुलामाला दडवले, आणि इथे कालपर्यंत बांधलेल्या माणसांनी त्यांना सोडवायला आलेल्यांना दडवले.

इथे दोन आक्षेप एकत्र येतात. पहिला असा की हे सगळे शहरी कम्युनिस्टांनी घडवले, भोळ्या लोकांना भडकवले. दुसरा असा की हेच काम सेवाभावी मंडळी शांतपणे करत होती आणि रक्त न सांडता ते पुरे झाले असते. दुसऱ्याला आधी उत्तर देतो, कारण त्यात तथ्य आहे. खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापले होते. आचार्य भिसे यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आयुष्य वेचले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कारण ही मुले शाळेत येऊ शकत नव्हती. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कुरणशाळेतले मूल वाचायला शिकण्याआधी त्याच्या बापाला रोज शेठच्या गोठ्यात जावे लागू नये, ही अट होती, आणि ती अट शिकवून पुरी होत नव्हती. सायमिंग्टन अहवाल १९३९ चा आहे. झरी १९४५ ची. मधल्या सहा वर्षांत एकही लग्नगडी सरकारी हुकमाने सुटल्याचे दिसत नाही. शांततेला वेळ दिला गेला होता.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देताना मात्र मला गोदावरीबाईंच्या पुस्तकाशीच थोडा वाद घालावा लागतो. 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये आले, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि या लढ्याची आपल्याला असलेली बहुतेक माहिती त्यातूनच येते. ते मराठीतले एक थोर पुस्तक आहे. तरीही ते नेतृत्वाच्या जागेवरून लिहिलेले आहे. त्यामुळे वाचकाच्या मनात चित्र असे उरते की झोपलेल्या माणसाला कोणी येऊन जागे केले. पुरावा याहून वेगळे सांगतो. टिटवाळ्याला वारली स्वतः गेले होते. एका स्त्रीने, तिला कितीही चालता आले तरी, काही महिन्यांत शेकडो पाडे जोडणे शक्य नव्हते. पाडे आधीच जोडलेले होते: सोयरिकीने, भगताच्या फेऱ्यांनी, बाजाराने, तारप्याभोवतीच्या नाचाने. परुळेकरांनी या जुन्या दोऱ्यांवरून नवा निरोप पाठवला आणि त्याला मुंबईचा, वर्तमानपत्रांचा, वकिलांचा आधार दिला, जो पाड्यांकडे नव्हता. दोन्ही गोष्टी लागल्या. पण जाळे मूळचे वारल्यांचे होते. त्यांची बहुतेक नावे आपल्यापाशी नाहीत, आणि त्याचे कारण त्यांचे कर्तृत्व कमी होते हे नसून त्यांनी कागद ठेवला नाही हे आहे. जेठ्या गांगड यांचे नाव राहिले ते गोळी लागली म्हणून. निरोप घेऊन रात्रभर चाललेल्या आणि सकाळी पुन्हा शेतावर हजर झालेल्या बाईचे नाव कोणी टिपले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे: इतके होऊन वेठ गेली का? लग्नगडी गेला, हे खरे. १९५७ च्या १ एप्रिलला कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली, पण ज्यांचे नाव सातबाऱ्यावर कूळ म्हणून लागलेच नव्हते त्यांना तो दिवस कळलाही नाही. सत्तरच्या दशकात पालघर तालुक्यात काळूराम धोदडे आणि त्यांच्या सहकारी आदिवासी तरुणांनी भूमिसेना उभी केली आणि जमीन, मजुरी, बांधीलकी हे प्रश्न पुन्हा हाती घेतले, म्हणजे ते शिल्लक होते. ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगार देशभर बंद झाली, कर्जे रद्द ठरली. तरी ऐंशीच्या दशकात वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला बांधलेली माणसे एकेक करून सोडवावी लागली, आणि त्या कामासाठी १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने विवेक पंडितांना पुरस्कार दिला. विसावे शतक सरत आले असताना, मुंबईच्या वेशीवरच्या तालुक्यासाठी! यावरून झरी फसली असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. झरीने एक पद्धत मोडली. ती मोडल्यावर कर्जाने दुसरे रूप घेतले. आज ते रूप वीटभट्टीवर दिसते. पाऊस संपत आला की मुकादम पाड्यावर येतो, जोडप्याला काही हजारांची उचल देतो, आणि कुटुंब पोराबाळांसह भिवंडी, वसई, वाड्याच्या भट्टीवर जाते. तिथे हजार विटांचा दर ठरलेला, पण हातात आठवड्याची खर्चीच येते. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. कच्च्या विटा पावसाने भिजल्या, पोर आजारी पडले, खर्ची जास्त गेली, की बाकी निघते, आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. वही अजून शेठच्याच हाती आहे. यात सर्वाधिक अडकतात ते काटकरी, ज्यांना सरकार स्वतःच अतिमागास जमातींत मोजते.

फरक मात्र मोठा पडला आहे, आणि तो झरीच्या लोकांनी कमावलेला आहे. आज वहीची बाजू कायदा घेत नाही. ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९७६ च्या कायद्याने सावकारावर टाकली आहे, मजुरावर नाही. सक्तीने काम होत असेल तर ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरून वेठच समजावे, अशी भूमिका बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्याआधी, १९८२ मध्ये, एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरी हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे असे न्यायालयाने सांगितले होते. जिल्हाधिकाऱ्यांवर शोध, सुटका आणि पुनर्वसन यांची जबाबदारी आहे, दक्षता समित्या नेमणे बंधनकारक आहे, सुटलेल्याला मुक्ततेचे प्रमाणपत्र मिळायला हवे. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे, म्हणजे ही जबाबदारी आता पालघरमध्येच बसणाऱ्या अधिकाऱ्यांची आहे. या सगळ्यात कमी पडते ते एकच: भट्टीवरचा निरोप तहसील कचेरीपर्यंत नेणारे कोणी. भट्टी पाड्यापासून दूर असते, मजूर तिथे परका असतो, आणि त्याच्या सोयऱ्यांना तो कुठल्या भट्टीवर आहे हेही अनेकदा ठाऊक नसते. ज्या दोऱ्यांवर १९४५ चे जाळे उभे होते, त्या स्थलांतराने नेमक्या तोडल्या आहेत.

पुढची पाने वाचणाऱ्यांत पालघर-बोईसरचे लोक बरेच असतील. तारापूरच्या कारखान्यांत काम करणारे, शाळांत शिकवणारे, मनोर-वाडा रस्त्याने रोज जाणारे. त्यांच्याकडे एक मागणे आहे. हंगामात आपल्या वर्गातली काटकरी मुले एकाएकी यायची थांबली, तर ती कुठे गेली याची चौकशी करा. भट्टीवरच्या कुटुंबाला घरी जायचे असून जाता येत नाही असे कळले, तर तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही, संघटनेचे सभासद असावे लागत नाही. आणि घरात किंवा पाड्यावर झरी, तलवाडा, नानिवली यांच्याबद्दल आपल्या आईबापाकडून ऐकलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांचे बोलणे याच पावसाळ्यात लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवा, निरोप नेणाऱ्यांच्या नावांसकट.